चित्र पाहून बोला

सभेत बोलायचे म्हटले की पुष्कळांच्या पोटात गोळा उठतो. तेच माणूस पारावर, विहिरीवर, शेताच्या बांधावर घडाघडा बोलते. तिथे त्याला शब्द कमी पडत नाहीत. मग सभेतच असे का व्हावे?

सभेत वेळ थोडा असतो. सगळ्यांचे डोळे आपल्यावर असतात. काय बोलायचे ते ठाऊक असते, पण आधी काय आणि मागून काय, याचा गोंधळ उडतो. खाली बसल्यावर आठवते, "अरेच्चा! मुख्य गोष्ट तर राहूनच गेली!"

बोलणे हा तुमचा हक्क आहे

गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे, तो ग्रामसभेचा सभासद आहे. बाई असो की बाप्या, शेतमालक असो की मजूर, सर्वांचा मान सारखा. 1992 साली राज्यघटनेत 73वी दुरुस्ती झाली. 24 एप्रिल 1993 पासून ती लागू झाली. तिच्यामुळे ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभाही घ्यायची असते.

म्हणजे हक्क आहे. पण आपण गप्प बसलो तर आपल्या आळीचे दुखणे दुसरा कोण सांगणार? ज्याला नीट सांगता येते, त्याचे काम आधी होते. ही जगाची रीतच आहे.

कागद वाचून दाखवला तर?

तुम्ही आता लिहायला शिकलात. तेव्हा तुम्ही म्हणाल, "सगळं लिहून नेतो आणि वाचून दाखवतो."

तसेही करता येते. पण त्यात अडचण आहे. नवीन वाचणाऱ्याला एक एक अक्षर लावावे लागते. लोकांसमोर घाई होते, हात थरथरतो. मध्येच कोणी बोलले की ओळ हरवते. ती सापडेपर्यंत लोक कुजबुजू लागतात. शिवाय मान खाली घालून वाचले, तर समोरच्यांच्या तोंडाकडे पाहणे होत नाही. लिहिलेली वाक्येही आपल्या रोजच्या बोलण्यासारखी येत नाहीत. मग आपलेच बोलणे परक्यासारखे वाटते.

यावर एक सोपा उपाय आहे. बोलायचे ते सगळे लिहू नका. त्याचे चित्र काढा.

चित्र कसे काढावे?

समजा, तुमच्या आळीतला हापसा बंद पडला आहे. 1 मे रोजी ग्रामसभा आहे. तिथे तुम्हांला हा विषय मांडायचा आहे. एक पाठकोरा कागद घ्या. तो आडवा धरा. आता असे करा.

1. कागदाच्या मधोमध हापशाचे चित्र काढा. हा झाला विषय. बोलता बोलता भलतीकडे गेलात, तर हे चित्र तुम्हांला परत जागेवर आणील.

2. झाडाला फांद्या फुटतात तशा मधल्या चित्रातून चार जाड रेघा बाहेर काढा. वर उजव्या हाताला पहिली रेघ. मग घड्याळाचे काटे फिरतात त्या बाजूने दुसरी, तिसरी आणि चौथी. प्रत्येकीवर 1, 2, 3, 4 असे आकडे घाला. त्याच क्रमाने बोलायचे.

3. पहिली फांदी म्हणजे काय झाले. तिच्या टोकाला हापसा काढून त्यावर फुली मारा. शेजारी लिहा, "1 मार्च".

4. दुसरी फांदी म्हणजे त्रास कोणाला. तिथे डोक्यावर हंडा घेतलेली बाई काढा. तिला तीन बारीक डहाळ्या फोडा. एकीवर घर काढून "18" लिहा. दुसरीवर विहीर काढून "अर्धा तास" लिहा. तिसरीवर शाळेची घंटा काढा.

5. तिसरी फांदी म्हणजे आपण काय केले. तिथे एक कागद काढा आणि लिहा, "अर्ज, 5 मार्च".

6. चौथी फांदी म्हणजे काय हवे. तिथे एक पाना काढून "8 दिवस" लिहा. शेजारी एक वही काढा.

झाले चित्र! ते सुबक असण्याची गरज नाही. बाई काडीसारखी दिसली तरी चालेल. आपले चित्र आपल्याला कळले की पुरे. मात्र तारखा, आकडे आणि नावे अक्षरांनी लिहावीत. ती डोक्यातून निसटतात आणि चित्रात मावत नाहीत.

फांद्या चार, फार तर पाच ठेवा. सगळेच सांगायला गेले की काहीच सांगितले जात नाही.

आता बोलून पाहा

चित्रावर नजर ठेवून आळीतली एखादी बाई असे बोलेल:

"सरपंचताई आणि जमलेली मंडळी, नमस्कार. मी खालच्या आळीतली. आमचा हापसा 1 मार्चपासून बंद आहे. दांडा नुसता वाजतो, पाणी येत नाही. आळीत 18 घरं आहेत. सगळ्या बायकांना मळ्यातल्या विहिरीवर जावं लागतं. एका खेपेला अर्धा तास जातो. पोरी पाणी भरतात, तोवर शाळेची घंटा होऊन जाते. आम्ही 5 मार्चला अर्ज दिला. त्याची पोच माझ्याजवळ आहे. अजून कोणी आलं नाही. आमचं मागणं एवढंच आहे. आठ दिवसांत हापसा दुरुस्त करावा, आणि ही गोष्ट सभेच्या वहीत लिहून घ्यावी."

बोलायला दोन मिनिटेही लागली नाहीत. पण काय झाले, कोणाला त्रास, काय केले आणि काय हवे, सगळे आले. एकही वाक्य कागदावर लिहिलेले नव्हते. वाक्ये तिची तिनेच केली. म्हणून ती खरी वाटली.

मध्येच कोणी अडवले तर?

सभेत असे हमखास होते. कोणी म्हणेल, "विहीर काय लांब आहे का?"

घाबरू नका. कागदावर विहिरीची डहाळी आहेच. तिच्याकडे पाहून सांगा, "दादा, एका खेपेला अर्धा तास. अशा चार खेपा रोज. तुम्हीच हिशेब करा." मग तिसऱ्या फांदीवर या आणि पुढे चला. कागद वाचणाऱ्याची ओळ हरवते. चित्र पाहणाऱ्याची जागा हरवत नाही, कारण सगळा विषय एका नजरेत समोर असतो.

ही युक्ती जुनीच आहे

टोनी बुझान नावाच्या इंग्रज लेखकाने 1974 साली आपल्या पुस्तकातून अशा चित्रांचा प्रसार केला. त्याने त्याला 'माइंड मॅप' म्हटले. म्हणजे मनाचा नकाशा. आज शहरांतल्या शाळा-कॉलेजांतही तो शिकवतात.

पण चित्र पाहून बोलणे आपल्याला नवे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथले ठाकर समाजातले कलावंत चित्रकथी सांगतात. चित्रांचा गठ्ठा समोर असतो. त्याला ते पोथी म्हणतात. एक एक चित्र पुढे करायचे आणि गात, बोलत रामायण-महाभारतातली कथा सांगायची. चित्र कथेचा क्रम धरून ठेवते, शब्द सांगणाऱ्याच्या तोंडून येतात. याच गावचे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

पिंगुळीची चित्रे एकामागून एक येतात. आपली चित्रे एकाच कागदावर फांद्यांनी जोडलेली असतात. फरक एवढाच.

तीन गोष्टी विसरू नका

पहिली गोष्ट. चित्र काढून नुसते खिशात ठेवू नका. आदल्या रात्री घरच्यांना किंवा शेजाऱ्याला दोनदा बोलून दाखवा. कुठे अडखळलात, तिथे एक डहाळी जास्त काढा.

दुसरी गोष्ट. चित्र हे फक्त बोलण्यासाठी आहे. अर्ज मात्र लेखीच द्यायचा, आणि त्याची पोच घ्यायची. तिथे चित्र चालणार नाही.

तिसरी गोष्ट. सभेत जे बोललात, ते इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या वहीत आले की नाही हे पाहा. ती वही ग्रामपंचायतीचे सचिव लिहितात. त्यांना नम्रपणे म्हणा, "भाऊसाहेब, आमच्या हापशाचं काय लिहिलंत, ते वाचून दाखवा." आता तर तुम्हांला वाचता येते. स्वतःच वाचून पाहा! तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. लिहिलेले राहते. पुढच्या सभेत त्याबद्दल विचारता येते.

प्रश्न

1. ग्रामसभेचे सभासद कोण असतात?
2. कागद वाचून दाखवताना कोणत्या अडचणी येतात?
3. चित्राच्या चार फांद्यांवर काय काय सांगायचे?
4. चित्रात कोणत्या गोष्टी अक्षरांनी लिहाव्यात? का?
5. सभा संपल्यावर कोणती वही पाहावी?

करून पाहा

तुमच्या आळीची एक अडचण निवडा. रस्ता, दिवा, गटार, शाळेचे छप्पर, काहीही चालेल. तिचे चार फांद्यांचे चित्र काढा. वर्गात उभे राहून दोन मिनिटे बोला. बाकीच्यांनी ऐकावे आणि शेवटी सांगावे: यांना नेमके काय हवे आहे? सगळ्यांचे उत्तर एकच आले, तर तुमचे बोलणे जमले असे समजा.