जादा नग निघूनही नफा का घटला?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे, नऊ कामगार. कास्टिंग पार्टीचं, आम्ही जॉबवर्क करतो. शिफ्टला 200 नग निघायचे. त्यावरच्या प्रत्येक नगाला 4 रुपये इन्सेंटिव्ह लावला. आता 260 निघतात, पण हातात पूर्वीपेक्षा कमी उरतं. त्याऐवजी नफ्यातले 10 टक्के सगळ्यांना वाटून द्यावेत का?
– एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : आधी तुम्ही कळवलेल्या आकड्यांचा हिशेब मांडू. मजुरी नगाला 18 रुपये आणि रिजेक्ट नगामागे पार्टीचं डेबिट 90 रुपये. पूर्वी 4 नग रिजेक्ट व्हायचे. 196 नगांचे 3,528, त्यातून 360 गेले की 3,168 उरायचे. आता 24 रिजेक्ट होतात. 236 नगांचे 4,248, त्यातून डेबिटचे 2,160 आणि इन्सेंटिव्हचे 240 गेले की उरतात 1,848. शिफ्टमागे 1,320 रुपयांचा फटका. जादा वीज आणि इन्सर्ट वेगळेच.

ऑपरेटरला दोष देऊ नका. इन्सर्टची धार गेली की मशीन थांबवून तो बदलायचा, मधूनमधून गेज लावून माप बघायचं, या वेळात त्याचे नग बुडतात आणि त्याला मिळत काहीच नाही. जे मोजलं जातं तेवढंच काम वाढतं, बाकीचं मागे पडतं, हे बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम यांनी 1991 साली सविस्तर मांडलं. होल्मस्ट्रॉम यांना पुढे 2016 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

नफ्यातल्या वाट्याने हे सुटणार नाही. एकाने काळजी घेऊन 90 रुपये वाचवले, तर 10 टक्क्यांचे 9 रुपये नऊ जणांत वाटले जाणार. त्याच्या वाट्याला 1 रुपया. शिवाय ऑर्डर कमी आल्या तर नफा घटतो, त्यात त्याचा काय संबंध? (20 कामगार झाले की पात्र कामगारांना किमान 8.33 टक्के बोनस कायद्याने द्यावाच लागतो. तो विषय वेगळा.)

माझं मत : इन्सेंटिव्ह ठेवा, पण पास नगांवर. 196 च्या वरच्या पास नगाला 8 रुपये द्या आणि चारच्या वरच्या प्रत्येक रिजेक्टमागे जादा नगांतून पाच वजा करा, कारण 90 रुपये भरून काढायला पाच नगांची मजुरी जाते. ही वजावट इन्सेंटिव्हपुरतीच ठेवा, पगाराला हात लावू नका. समजा, 225 पैकी 5 रिजेक्ट झाले, तर ऑपरेटरला 152 मिळतील आणि तुमच्याकडे पूर्वीपेक्षा 190 जास्त उरतील. त्यातून जादा वीज-इन्सर्ट भागवायचे.

आणि कामगार जास्त कमवू लागले म्हणून दर कापू नका. एकदा कापलात की पुढच्या वेळी कुणी मनापासून वेग दाखवणार नाही. दर किमान वर्षभर बदलणार नाही, हे सुरुवातीलाच बोर्डावर लिहून लावा.