आपणच आपला मित्र, पण एकट्याने नाही



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या ५ व्या श्लोकावर. आपणच आपल्याला वर काढायचं, खचू द्यायचं नाही; आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू, असा त्याचा भाव.

मागच्या वर्षी कॉलेजच्या एका मित्राचा रात्री फोन आला. तो एचआयव्हीसोबत जगतो, हे मला माहीत होतं. रिपोर्ट चांगले, नोकरी चालू. पण म्हणाला, "तीन आठवडे झाले, धड झोप नाही. गोळी समोर असते, घ्यावीशीच वाटत नाही." मी लगेच हाच श्लोक ऐकवला. वर म्हटलं, "पॉझिटिव्ह विचार कर रे." तो हसला. "पॉझिटिव्ह तर आहेच की."

फोन ठेवल्यावर लाज वाटली. श्लोक बरोबर होता, पण मी तो त्याच्या डोक्यात मारला होता.

एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. लपवण्याचा ताण, लोकांची भीती, कधी एखाद्या औषधाचाही परिणाम. नैराश्यात गोळ्या चुकतात, गोळ्या चुकल्या की विषाणू डोकं वर काढतो, आणि मन आणखी खचतं. आमच्या भाषेत हा लूप. तो तोडायला काय करता येईल?

१. गोळी एखाद्या सवयीला जोडा. रात्री दात घासले की गोळी. मन तयार होण्याची वाट बघू नका. औषध नियमित घेऊन व्हायरल लोड 'न आढळण्याइतका' कमी राहिला, तर शारीरिक संबंधातून विषाणू जोडीदाराला जात नाही. "मी सगळ्यांना धोका आहे" या विचाराला हे खरं उत्तर.

२. आधी कृती, मग मूड. दहा मिनिटं चाला, अंथरूण आवरा. याच अध्यायातला १७ वा श्लोक आहार, विहार, झोप यांच्या मापाबद्दलच बोलतो.

३. "मी ओझं आहे" असं वाटलं की कागदावर लिहा आणि पुरावा मागा. बग रिपोर्टला मागतो तसा.

४. विश्वासाच्या एका तरी माणसाशी बोला. एआरटी केंद्रात समुपदेशक असतात. १०९७ ही एड्स हेल्पलाइनही आहे.

दारूचा आधार नको. झोपेची किंवा झाडपाल्याची औषधंसुद्धा एआरटीच्या डॉक्टरांना विचारूनच. काहींचं एचआयव्हीच्या गोळ्यांशी जमत नाही.

आणि दोन आठवडे उदासी हटली नाही, तर डॉक्टरांकडे जाच. जीव द्यावासा वाटला, तर थांबू नका: टेलि-मानस, १४४१६, २४ तास. ही हार नव्हे. गीता सांगितली गेली तेव्हा अर्जुनही गळून रथात बसला होता, आणि शेजारी सारथी होता.

पुढच्या रविवारी मी मित्राकडे गेलो. श्लोक नाही सांगितला, सोबत चाललो. सोमवारी त्याच्याबरोबर केंद्रात गेलो. त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं, उपचार सुरू झाले. अजूनही वाईट दिवस येतात. काल रात्री मेसेज आला: "गोळी घेतली. चालून आलो."

आजचा संकल्प: एका माणसाला फोन करायचा, आणि फक्त ऐकायचं.

जय श्रीकृष्ण!