चिंता आणि दूरदृष्टि

परीक्षेचा दिवस उजाडला कीं कांहीं मुलांचें पोट दुखूं लागतें. घरांत तें ढोंग समजलें जातें, आणि बहुधा तो समज चुकीचा असतो.

वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, भीतीच्या वेळीं शरीरांत काय घडतें याचें वर्णन केलें आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथि ॲड्रेनॅलीन नांवाचा रस रक्तांत सोडतात. हृदय धडधडूं लागतें, श्वास जलद होतो, आणि रक्त जठराकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतें. समोर वाघ असेल तर ही तयारी मोलाची. मनुष्य पळेल किंवा झुंजेल. परंतु प्रश्नपत्रिकेपुढून पळतां येत नाहीं, आणि तिच्याशीं झुंजण्यास स्नायु कामाचे नाहींत! पचन मात्र मंदावतें आणि पोटांत कालवतें. दुखणें खरें आहे. त्याचें मूळ तेवढें मनांत आहे.

थोडी काळजी उपयोगाची असते. येर्कीस व डॉडसन यांच्या १९०८ सालच्या प्रयोगांत, कठीण धडा शिकणारे उंदीर विजेच्या मध्यम धक्क्यानें लवकर शिकले. धक्का तीव्र होतांच मागें पडले. गुणांच्या तुलनेचे धक्के देणाऱ्या पालकांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत उद्यांची चिंता करूं नका असें शिकविलें. याचा अर्थ आजचा अभ्यास टाकावा, असा कित्येक विद्यार्थी सोयीस्करपणें करितात! त्याच पवित्र शास्त्रांत, योसेफानें सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळासाठीं धान्य सांठविल्याची कथा आहे. ज्या विचारांतून आज करावयाचें कांहीं काम निघतें ती दूरदृष्टि. ज्यांतून कांहींच निघत नाहीं आणि जो तरीही रात्रीं परत येतो, ती चिंता. म्हणून मनांतील भय कागदावर लिहावें, व त्याशेजारीं उद्यां सकाळीं करावयाचें एक काम लिहावें. काम सुचलें नाहीं तर कागद मिटून निजावें. छातींत धडधड होईल तेव्हां श्वास घेण्यापेक्षां सोडण्यास अधिक वेळ लावावा. उच्छ्वासाच्या वेळीं हृदयाची गति आपोआप मंदावते. एक गोष्ट मात्र करूं नये, ती म्हणजे टाळाटाळ. गणिताचा तास चुकविला कीं त्या दिवसापुरतें बरें वाटतें, आणि तें बरें वाटणेंच पुढील वेळची भीति वाढवितें.

कित्येक आठवडे झोंप व अन्न सुटलेल्या मुलास ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असें कोणींही म्हणूं नये. ज्वर आलेल्यास आपण तसें म्हणतों काय? त्यास डॉक्टरांकडे न्यावें. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठींतूनही बोलतां येतें.