दुसऱ्याच्या घराचं गणित

शिमग्यात पालखी आमच्या दारात आली, तेव्हा वरच्या गॅलरीत पंधरा-सोळा माणसं दाटीवाटीने उभी होती. माझी ब्याऐंशी वर्षांची आई कठड्यालगत खुर्चीत बसली होती. पालखी पुढे गेली, माणसं खाली उतरली. संध्याकाळी केर काढताना बायकोने हाक मारली. गॅलरीच्या उंबऱ्यालगत लादीला चीर गेली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोरी मारून आखल्यासारखी सरळ. पोस्टकार्ड आत जाईल एवढी.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, लादीवाल्याने सांधा सोडला नाही. आदल्या पावसाळ्यात गॅलरीतलं पाणी भिंतीजवळच्या नळीकडे न जाता बाहेर कठड्याशी साचत होतं, तेव्हाही त्याने लादीवाल्याचंच नाव घेतलं होतं. दोन्ही वेळा मी ऐकून घेतलं.

चिपळुणात अजून काही लोक म्हणतात की मी पैसे वाचवायला गेलो आणि फसलो. म्हणून एकदा स्पष्ट लिहितो. मी एक रुपयाही वाचवला नाही. आर्किटेक्टची फी दिली. त्यानेच आणलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वेगळी दिली, त्याची पावती माझ्या फाइलमध्ये आहे. सही-शिक्क्याचे नकाशे हातात आल्यावरच काम सुरू केलं. सेंटरिंग ठोकताना आर्किटेक्ट म्हणाला, "काका, गॅलरी तीन फुटांची कोंदट वाटेल, पाच करू." मी लगेच विचारलं, "सळई तीच चालेल का?" तो म्हणाला, "एक नंबर जाड घालू, टेन्शन घेऊ नका." मी विचारलं होतं. हे मी शेवटपर्यंत सांगत राहणार.

शेवटी भाच्याच्या ओळखीने कराडहून एक वयस्कर इंजिनिअर आले. त्यांनी आधी चीर पाहिलीच नाही. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि विचारलं, "तुमचा जिना कुठल्या हाताला?" मी म्हटलं, डाव्या. ते म्हणाले, "नकाशात उजव्या हाताला आहे." मग हॉलच्या बीमवर बोट ठेवलं. नकाशात बीम 12 फुटांचा. आमचा हॉल 17 फुटांचा. मग कोपऱ्यातल्या बारीक टिपा मोठ्याने वाचल्या : पाया काळ्या मातीत, भूकंप पट्टा 3.

काळी माती! आमचा पाया जांभ्याच्या कातळावर आहे. पाया खणताना मी स्वतः तिथे उभा होतो, पहारी बोथट होत होत्या. आणि पट्टा 3? घाट चढला की पलीकडे कोयना. आम्ही घर बांधलं तेव्हाच्या भूकंप-नकाशात चिपळूण चौथ्या पट्ट्यात होतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा वडिलांनी मला अंथरुणासकट उचलून अंगणात आणलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो. कौलं खडखडताना मी या कानांनी ऐकली आहेत. तो नकाशा घाटावरच्या कुणाच्या तरी घराचा होता. मालकाच्या रकान्यात तेवढं माझं नाव होतं.

मी काहीच बोललो नाही. आईला आम्ही त्या गॅलरीत बसवलं होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

कराडच्या साहेबांनी त्या दिवशी मला जे समजावलं, ते घर बांधण्याआधी कुणी सांगायला हवं होतं. घराचं वजन स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, कॉलममधून पायात आणि पायातून जमिनीत उतरतं. या प्रत्येक टप्प्यावर किती भार येईल आणि त्या जागी सिमेंट-सळई तो पेलेल का, हे आधी कागदावर काढायचं, याला स्ट्रक्चरल अॅनालिसिस म्हणतात. घराचं स्वतःचं वजन, माणसं-सामान, वारा आणि भूकंप हे सगळं त्यात धरावं लागतं. भारतीय मानकात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला 200 किलो भार धरतात आणि गॅलरीसाठी 300. पालखी बघायला माणसं कुठे गर्दी करतात, ते मानक लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

माप बदललं की जोर त्याच पटीत वाढत नाही, हे तर मला स्वप्नातही आलं नसतं. बीमवर दर फुटाला तेवढंच वजन धरलं, तरी 12 फुटांचा 17 केला की त्याला मध्यावर वाकवणारा जोर दुप्पट होतो. तीन फुटांची गॅलरी पाच केली की मुळाशी येणारा जोर पावणेतीन पट होतो आणि टोकाचं झुकणं साडेसात पटींच्या वर जातं. त्यात आमचा कठडा नऊ इंची चिऱ्यांचा, मीटरला चारशे किलोच्या आसपास, तोही अगदी टोकावर. एक नंबर जाड सळईने यातलं काय सावरणार होतं?

पुढे चिरेजवळ थोडं फोडून पाहिलं. गॅलरीची मुख्य सळई वरच्या अंगाला हवी, कारण ताण तिथे येतो. आमची जाळी काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली दबून जवळजवळ मध्यावर गेली होती.

त्या पहिल्या इंजिनिअरला फोन केला. म्हणाला, "काका, डिझाइनमध्ये मार्जिन असतंच." मी म्हटलं, हिशेबाची पानं पाठवा. म्हणाला, लॅपटॉप फॉरमॅट झाला. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही. आर्किटेक्ट म्हणतो, स्ट्रक्चरची जबाबदारी माझी नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, नकाशाप्रमाणे केलं. तिघांनीही पैसे पूर्ण घेतले होते.

तुम्ही घर बांधत असाल तर नुसत्या नकाशावर समाधान मानू नका. हिशेबाची पानं मागा. ती तुम्हाला कळणार नाहीत, मलाही कळत नाहीत. पण त्यात तुमच्या हॉलची लांबी, तुमच्या जमिनीची भार पेलण्याची क्षमता आणि तुमच्या गावचा भूकंप पट्टा लिहिलेला आहे का, एवढं कुणालाही वाचता येतं. पुढे मजला चढवायचा असेल किंवा गच्चीवर मोठी टाकी ठेवायची असेल, तर आधीच सांगा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. साइटवर कुणी "दोन फूट वाढवू" म्हणालं, तर काम थांबवा आणि हिशेब करणाऱ्याकडून लेखी घ्या, मग तो आर्किटेक्ट असो की तुमचा सख्खा भाऊ. स्लॅब भरण्याआधी इंजिनिअरला स्वतः येऊन सळई तपासायला लावा. वरच्या जाळीखाली सळईच्या खुर्च्या आहेत का, कॉलममधल्या रिंगांची टोकं नुसती काटकोनात न ठेवता आत काँक्रीटमध्ये वळवली आहेत का, हे त्याच्यासोबत उभं राहून बघा आणि फोटो काढा. माणसं चांगली निवडा, हेही सांगतो, पण चांगली ओळखायची कशी ते मला अजून जमलेलं नाही.

आमची गॅलरी कापून पुन्हा तीन फुटांची केली, चिऱ्यांचा कठडा काढून लोखंडी लावला. हॉलच्या मधोमध आता एक लोखंडी खांब आहे आणि बीमखाली लोखंडी गर्डर. येणारा प्रत्येक जण त्या खांबाबद्दल विचारतो आणि मी प्रत्येकाला हे सगळं सांगतो.

तुमच्या स्लॅबची तारीख ठरली असेल आणि हिशेबाची पानं तुमच्या हातात नसतील, तर तारीख पुढे ढकला. मिक्सरवाला ओरडेल, सेंटरिंगचं भाडं वाढेल. ढकलाच.