रोजचे पाहणे : चित्र, छायाचित्र आणि अक्षर

स्मरणिकेसाठी कलाशिक्षणाविषयी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा मला प्रथम आठवले ते दोन डोंगर. वर्गात नव्याने आलेल्या मुलासमोर कोरा कागद ठेवून 'मनाप्रमाणे चित्र काढ' असे सांगितले, की बहुधा एकच चित्र तयार होते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून उगवणारा सूर्य, खाली वळणे घेत येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि शेजारी नारळाचे झाड. आपली मुले बीड, जालना, परभणीकडची. त्यांतील अनेकांनी नारळाचे झाड प्रत्यक्ष पाहिलेलेही नसते. बाभूळ, लिंब, गोठा, हातपंप यांच्यामध्ये ती वाढली. परंतु यांतील काहीही कागदावर येत नाही. कारण ते 'चित्रात काढण्याजोगे' आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

वरच्या वर्गात हीच गोष्ट 'सर, काही सुचत नाही' या वाक्यातून प्रकट होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचे उत्तर देण्यासाठी अखेरीस अजिंठ्याचा आधार घ्यावा लागला.

सहलीत मुले पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात जातात आणि पद्मपाणीसमोर गर्दी करतात. ते योग्यच आहे. परंतु तेथून हलताना मी त्यांना दोन गोष्टी दाखवतो. एक म्हणजे छत. तेथे चौकटी-चौकटींतून कमळे, फळे, पक्षी, हत्ती रंगवले आहेत. शेजारच्या दुसऱ्या लेण्यात हंसांची ओळ आहे. कोणी मान वळवून मागे पाहतो, कोणी पंख साफ करतो, आणि एकाची ठेवण दुसऱ्यासारखी नाही. तळ्याकाठी बसून हंस पाहिल्याशिवाय हे साधत नाही. दुसरी गोष्ट पहिल्या लेण्यातील एका खांबाच्या माथ्यावर आहे. तेथे चार हरणे कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोके एकच. तीन हरणे हाताने झाकली, की उरलेले हरीण पूर्ण दिसते. ते झाकून दुसरे उघडले, की तेही पूर्ण. थोड्या जागेत अधिक आशय कसा बसवावा, ही आजच्या ग्राफिक डिझायनरची रोजची अडचण आहे, आणि तो खांब कोरणाऱ्या अनाम कारागिराने ती सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी सोडवून ठेवली आहे.

रंगांचीही कथा तशीच. गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, हिरव्या मातीचा हिरवा, दिव्याच्या काजळीचा काळा. दूर अफगाणिस्तानच्या खाणींतून यावा लागला तो निळा, लाजवर्द दगडाचा. भिंतीवरच्या गिलाव्यात माती, भाताचा तूस आणि गवत. शेतकऱ्याच्या मुलांना हे सांगितले, की ती एकदम भिंतीच्या जवळ जातात. मग पहारेकऱ्याला त्यांना मागे सारावे लागते.

या लेण्यांतून निघालेला एक धागा थेट आपल्या संविधानापर्यंत पोचतो, हे पालकांनाही ठाऊक असावे. विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार बाईंनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या साहाय्यकांत बंगालचा एक तरुण होता, नंदलाल बोस. पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात ते शिक्षक झाले. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींनी त्यांच्याकडून चित्रे मागितली, तेव्हा त्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत रंगवले ते ढोल वाजवणारे, सुतार, कापूस पिंजणारे, रांधणाऱ्या बाया. अधिवेशनाच्या मंडपात देशभरचे पुढारी येणार होते आणि त्यांच्या स्वागताला उभी होती ती रोज दिसणारी माणसे.

ज्या संविधानाच्या मसुद्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी आपले प्रकृतिस्वास्थ्य पणाला लावले, त्याची हस्तलिखित प्रत सजवण्याचे कामही नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडे आले. सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह त्या प्रतीत रेखाटायचे होते. हे काम दीनानाथ भार्गव या विशीतील विद्यार्थ्यावर सोपवले गेले. दगडातले सिंह समोर ठेवून नक्कल करता आली असती. भार्गव मात्र कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात वारंवार जाऊन जिवंत सिंह पाहत राहिले : तो कसा बसतो, जबडा कसा उघडतो, आयाळ कशी पडते. आमच्या मुलांना मी सांगतो, की नोटेवरचा सिंह पाहताना पिंजऱ्यासमोर वही घेऊन उभा असलेला तो मुलगाही पाहावा.

छायाचित्रणाविषयी थोडे लिहितो. माझा अधिकार तेथे मर्यादित आहे. होमाई व्यारावाला यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले. भारताच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव आज सर्वत्र घेतले जाते, परंतु त्यांची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध होत. त्या काळातील त्यांचे विषय पाहावेत. कलाशाळेतील मैत्रिणी, सहलीला निघालेल्या मुली, मुंबईचे रस्ते. म्हणजे जे दारापाशी होते तेच. आपल्या काळात सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. शहर रोज ज्यांना ओलांडून जाते, त्यांच्याकडे ती छायाचित्रे थांबून पाहायला लावतात. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वसतिगृहातील दोन मुलांनी मला विचारले, की झाडूवाल्यांचे फोटो काढूनही पुरस्कार मिळतो का. त्या दोघांचेही वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते.

आता घरोघरी मोबाइल आहे आणि त्यात हजारो छायाचित्रे साठतात. पूर्वीच्या रोळात छत्तीसच छायाचित्रे निघत; म्हणून कळ दाबण्याआधी माणूस विचार करी. मुलांकडून मी एक साधा सराव करून घेतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात आयताकृती खिडकी कापावी, ती डोळ्यासमोर धरावी आणि अंगणातील एकच वस्तू, समजा पाण्याचा रांजण, सकाळी, दुपारी व सायंकाळी पाहावी. सावली कोठून कोठे गेली, एवढेच वहीत मांडावे. पहिल्या आठवड्यात मुले कंटाळतात. दुसऱ्या आठवड्यात एखादा येऊन सांगतो, की दुपारी रांजणाला सावलीच नव्हती, तो हवेत लटकल्यासारखा दिसत होता. तेव्हा समजावे, की गाडी रुळावर आली.

अक्षरांचा विषय निघाला, की माझा राग आवरत नाही, तो वाचकांनी सहन करावा. जयंतीच्या मिरवणुकीचे फलक पूर्वी वस्तीतला एखादा पेंटर हाताने रंगवी. त्याच्या 'भी'ची वेलांटी वाऱ्यावरच्या निशाणासारखी असे. आता एका रात्रीत फ्लेक्स छापून येतो. त्यावर शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, आणि ज्यांची जयंती ते कोपऱ्यात. मराठी अक्षराची परंपरा इतकी दरिद्री नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नाटकाच्या नावालाच चेहरा दिला. संगणकावर आपण ज्या 'मंगल' टंकात मराठी वाचतो, तो र. कृ. जोशी यांनी घडवला. अक्षराचा ध्यास घेतलेला हा माणूस कवीही होता. माजी विद्यार्थ्यांपैकी जे छपाईच्या व्यवसायात आहेत, त्यांनी पुढच्या जयंतीला निदान एक फलक हाताने लिहून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी ऊसतोड कामगारांचा एक मुलगा आपल्या वसतिगृहात होता. दिवाळीनंतर आईवडील टोळीबरोबर कारखान्यावर जात, हा येथे राहत असे. स्पर्धेसाठी स्मरणचित्र काढायचे होते. इतरांनी बाजार, लग्नाची वरात असे नेहमीचे विषय घेतले. याने फडाशेजारची कोपी काढली : पाचटाचे छप्पर, दारात टेकवलेला कोयता, तीन दगडांच्या चुलीवर काळी पडलेली कढई. माणूस एकही नव्हता. मी म्हणालो, "बाळ, स्पर्धेसाठी काहीतरी सुंदर काढ." त्याने वाद घातला नाही. कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला दोन डोंगर काढले, मधून उगवणारा सूर्य काढला, नदी काढली. त्या चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले.

तो कागद मी जपून ठेवला. का ठेवला, हे तेव्हा स्वतःला विचारले नाही. यंदाच्या प्रदर्शनासाठी जुनी चित्रे काढताना तो हाती आला, तेव्हा दोन काचांमध्ये बसवून दालनाच्या मधोमध टांगला. म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. तो मुलगा आता पुण्यात एका छापखान्यात मांडणीचे काम करतो. माजी विद्यार्थी मेळाव्याला आला, तेव्हा काचेसमोर बराच वेळ उभा राहिला. मी क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवत होतो. तोच आधी बोलला.

"सर, आईच्या त्या कढईचा एक कान तुटलेला होता. मी दोन्ही काढले होते."