बिनतारी दवंडी

पूर्वी गावात एखादी महत्त्वाची वार्ता सर्वांस कळवावयाची असली, म्हणजे दवंडी पिटीत असत. दवंडी देणारा चौकात उभा राही, डफावर टिपरी मारी आणि दोन-चार वाक्यांत काय ते सांगून पुढच्या आळीकडे वळे. त्याचे बोलणे एकट्यादुकट्यासाठी नसे. ज्याच्या कानी पडेल, त्याच्यासाठी असे. कोणी ऐकले आणि कोणी ऐकले नाही, ह्याची चौकशी करीत तो थांबत नसे. दुसऱ्या चौकात जाऊन तीच वार्ता तो पुन्हा सांगे. आजही जगातील अनेक देशांतील हौशी रेडिओचालक जवळजवळ ह्याच रीतीने आपले ठिकाण व आपल्या परिसरातील हवामान एकमेकांस कळवीत असतात.

हौशी रेडिओचालक म्हणजे धनलाभाची अपेक्षा न ठेवता, केवळ आवडीने बिनतारी संदेशवहनाचा अभ्यास करणारे लोक. त्यांना ‘हॅम’ असेही म्हणतात. ह्यासाठी परीक्षा देऊन शासनाचा परवाना घ्यावा लागतो. परवाना मिळाला, की अक्षरे व अंक मिळून झालेले एक ओळखचिन्ह मिळते. भारतातील ओळखचिन्हे बहुधा ‘व्हीयू’ ह्या अक्षरांनी सुरू होतात. प्रत्येक संदेशाबरोबर हे चिन्ह सांगावेच लागते. त्यामुळे निनावी बोलण्यास तेथे जागा नाही. तसेच अर्थ दडविण्यासाठी गुप्त लिपी वापरण्यासही मनाई आहे.

१९७८ साली कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी हौशी रेडिओचालकांनी संदेश पाठविण्याचा एक नवा प्रयोग केला. मजकूर आवाजाने न सांगता त्याची छोटी छोटी पुडकी करून ती संगणकाच्या साह्याने रेडिओवरून पाठवावयाची, अशी ती कल्पना होती. ह्यालाच ‘पॅकेट रेडिओ’ म्हणतात. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचे ओळखचिन्ह असते, मध्ये मजकूर असतो आणि शेवटी पडताळ्याचा एक अंक असतो. घेणारे यंत्र तो अंक स्वतः काढून पाहते. मेळ जमला तर पुडके स्वीकारते. न जमला तर मजकूर बिघडला असे समजून टाकून देते.

ह्या साधनाला नवे वळण लावले ते बॉब ब्रुनिंगा ह्या अमेरिकन अभियंत्याने. १९८२ साली त्यांनी नौदलाकडून येणारी ठिकाणे नकाशावर दाखविणारी एक संगणक-आज्ञावली लिहिली. १९८४ साली शंभर मैलांची घोड्यांची एक दौड होती. तीत कोणता घोडा कोठे आहे व कोणत्या स्थितीत आहे, हे कळविण्यासाठी त्यांनी तिचे सुधारलेले रूप वापरले. पुढे अ‍ॅनापोलिस येथील अमेरिकन नौदल प्रबोधिनीत काम करीत असताना त्यांनी ही पद्धती वाढविली. तिचे नाव पडले ‘एपीआरएस’. त्यांच्या स्वतःच्या ओळखचिन्हाच्या शेवटी ‘एपीआर’ हीच अक्षरे होती! २०२२ साली ब्रुनिंगा निधन पावले; त्यांची पद्धती मात्र अनेक देशांत चालू राहिली आहे.

आता ठिकाण कसे कळते ते पाहू. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह अचूक वेळेचे संकेत सतत पाठवीत असतात. किमान चार उपग्रहांचे संकेत आपणापर्यंत येण्यास किती वेळ लागला, ह्यावरून लहानसे यंत्र आपले अक्षांश व रेखांश काढते. रेडिओ ते पुडक्यात भरून प्रसारित करतो. ऐकणाऱ्याच्या संगणकावरील नकाशात त्या ठिकाणी एक चिन्ह उमटते. पूर आला असता कोणती रुग्णवाहिका सर्वांत जवळ आहे, जंगलात चुकलेल्यांना शोधणारी तुकडी कोणत्या ओढ्यापर्यंत पोहोचली आहे, हे विचारण्यात वेळ दवडावा लागत नाही. दूरध्वनीच्या तारा तुटल्या, तरी ज्याच्यापाशी विजेरी व रेडिओ आहे, तो बोलू शकतो.

हवामानाचा वृत्तान्तही असाच जातो. त्यात वाक्ये नसतात, आकडे असतात. वारा २२०, वेग ४, तपमान ७७, आर्द्रता ५०, वायुभार ९९००: एवढ्यावरून जाणकारास कळते, की वारा नैर्ऋत्येच्या बाजूने तासी चार मैल वेगाने वाहत आहे, तपमान ७७ अंश फॅरनहाइट, म्हणजे २५ अंश सेल्सिअस आहे, आर्द्रता शेकडा ५० आहे आणि वायुभार ९९० मिलिबार आहे. शासकीय वेधशाळा एकमेकींपासून दूर असतात. दोहोंच्या मधल्या खोऱ्यात वादळी पाऊस कोसळला, तर तो दोघींच्याही नोंदीतून सुटू शकतो. म्हणून अमेरिकेत सामान्य नागरिकांनी घरोघरी उभारलेल्या केंद्रांचे आकडे हवामानशास्त्रज्ञांकडे पोहोचविण्याची व्यवस्था करण्यात आली. तेथे प्रत्येक आकडा शेजारच्या केंद्रांच्या आकड्यांशी ताडून पाहतात. उन्हाने तापलेल्या पत्र्याजवळ तपमापक टांगला, तर त्याचा खोटेपणा लगेच उघडकीस येतो. तपमापक सावलीत व मोकळ्या हवेत असावा, वातमापक शक्य तर दहा मीटर उंचीवर आणि झाडांपासून दूर असावा, असे नियम आहेत ते ह्याचसाठी. चुकीचा आकडा हा नसलेल्या आकड्याहून वाईट. कारण त्यावर कोणीतरी विश्वास ठेवतो.

परंतु ह्या पद्धतीची खरी कसोटी यंत्रात नाही, माणसाच्या संयमात आहे. एका प्रदेशातील सर्व रेडिओचालक एकाच वारंवारतेवर बोलतात. उत्तर अमेरिकेत ती १४४.३९० मेगाहर्ट्झ आहे, तर युरोपात १४४.८०० मेगाहर्ट्झ. एक पुडके पाठविण्यास सुमारे एक सेकंद लागतो असे धरा. दहा मिनिटांत सहाशे सेकंद असतात. शंभर जणांनी दहा मिनिटांतून एकदाच निरोप दिला, तर शंभर सेकंद खर्च होतील. तोच प्रत्येकाने दर पाच सेकंदांनी दिला, तर बारा हजार पुडकी होतील! ती सहाशे सेकंदांत कशी मावणार? एका वेळी दोघे बोलले, म्हणजे दोघांचेही पुडके बिघडते. बोलण्यापूर्वी यंत्र कानोसा घेते, हे खरे. पण डोंगराच्या दोन बाजूंस असलेल्या दोघांना एकमेकांचा आवाजच येत नाही. शिखरावरील पुनःप्रेषक केंद्राला मात्र दोघांचे बोलणे एकदम ऐकू येते आणि त्याला काहीच उमगत नाही.

हे पुनःप्रेषक केंद्र ऐकलेले पुडके पुन्हा प्रसारित करून दूरवर पोहोचविते. पुडके किती वेळा पुढे पाठवावयाचे, ह्याचा अंक पुडक्यावरच लिहिलेला असतो. प्रत्येक केंद्र तो एकाने कमी करते. शून्य झाला, की पुडके तेथेच थांबते. हा अंक उगाच मोठा लिहिणारा माणूस आपली किरकोळ वार्ता तीन जिल्ह्यांत पोहोचवितो खरी, परंतु तेवढा वेळ तो इतरांचे तोंड बंद करतो. एखादे वेळी त्याच क्षणी पुरात अडकलेल्या कोणाची तरी हाक त्याखाली दडपली जाते. म्हणून एका जागी स्थिर असलेल्याने अर्ध्या तासातून एकदा आपले ठिकाण सांगावे व धावत्या वाहनाने मिनिटा-दोन मिनिटांनी सांगावे, अशी शिस्त जाणते लोक पाळतात.

हे निरोप कोणालाही ऐकता येतात, म्हणून आपले ठिकाण केव्हा सांगावे व केव्हा सांगू नये, ह्याचाही विवेक हवा. चौकात दवंडी पिटून सांगितलेली गोष्ट पुन्हा झाकून ठेवता येत नाही. वारंवारता ही गावच्या पाणवठ्यासारखी आहे. तेथे सर्वांचा हक्क आहे, म्हणूनच प्रत्येकाने आपली घागर भरून लगेच बाजूस झाले पाहिजे.

स्वाध्याय

१. दवंडी आणि हौशी रेडिओचालकांचे निरोप ह्यांतील साम्य सांगा.
२. पुडक्याच्या शेवटी पडताळ्याचा अंक कशासाठी असतो?
३. ‘चुकीचा आकडा हा नसलेल्या आकड्याहून वाईट’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. तुमच्या शाळेच्या आवारात तपमापक कोठे लावाल? कारणे द्या.