वडिलार्जित रान

शास्त्रवाचन : १ राजे २१:१-१६

निर्मलची रंगीत लाकडी खेळणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. ती पोनिकी नावाच्या झाडाच्या हलक्या, मऊ लाकडाची करतात. हे झाड आसपासच्या रानातले. तोड होत गेली, त्या मानाने लागवड झाली नाही. म्हणून कारागिरांना लाकडाची चणचण भासू लागली. रान गेले की हातचे कामही जाते. मग रान राखावे कोणी, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

निर्मल ज्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, तेथील गोंडांनी या प्रश्नासाठी प्राण वेचले. निजामाच्या अमदानीत रान राखीव झाले आणि तेथे कसून खाणारे लोक परके ठरले. कुमराम भीम यांनी पाणी, जंगल व जमीन यांवर आपल्या लोकांचा हक्क सांगितला. १९४० साली जोडेघाट येथे ते व त्यांचे काही सोबती गोळ्यांना बळी पडले.

प्राणहिता नदी ओलांडली की आपला गडचिरोली जिल्हा लागतो. तेथे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचे गोंड गाव आहे. रान कागदोपत्री वन खात्याचे, आणि त्यातला बांबू कागद कारखान्याला दिलेला. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने रीत घातली, की निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा. एकाचेही मन वळले नाही तर पुन्हा बसावयाचे. कायदा समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालविला. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली सुमारे १८०० हेक्टर रानावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

आता नाबोथाकडे वळू. अहाबाने देऊ केलेला मोबदला कमी नव्हता; याहून चांगला मळा किंवा रोख पैसा. पण वडिलांचे वतन ही विकण्याची वस्तू नव्हे, हे नाबोथ जाणून होता. मग तो हरला कसा? राजाच्या नावाची पत्रे आली आणि त्याच्याच नगरातील वडीलजनांनी माना डोलावल्या. नाबोथाचा हक्क खरा होता, पण तो एकटा पडला. मेंढ्याच्या लोकांनी नेमके हेच होऊ दिले नाही. हक्काचा कागद पुढे आला. एकत्र बसण्याची सवय आधी लागली होती.

वर्गात चर्चेसाठी :
१. नगरातील वडीलजनांपैकी एकाने जरी नकार दिला असता, तर काय झाले असते?
२. सर्वांच्या संमतीने ठरविण्यास वेळ लागतो. त्याचा लाभ कोणता?
३. आपल्या गावात सर्वांचे असे काय आहे, की ज्याची राखण कोणीच करीत नाही?